बिनदरवाज्याची कमान

माझ्या हातून आजवर एकच इमारत उभी राहिली आहे, आणि तिला इमारत म्हणणारा माणूसही मीच. बहरीनमध्ये अरादला, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अहमद नावाच्या एका बहरिनी गृहस्थाच्या घरापुढे थोडी मोकळी जागा होती. तिथे दोन गाळे बांधायचे होते. दोन गाळे, वर सपाट छप्पर, पुढे रस्ता. एवढं काम एखादा गवंडी सिगरेटच्या पाकिटावर आकृती काढून करून टाकतो. पण ते काम माझ्याकडे आलं, आणि मी त्याचं आर्किटेक्चर करायचं ठरवलं.

मी तेव्हा अदलियातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. ड्राफ्ट्समन म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यातली वाकडी रेघ आपल्या हाताने सरळ ओढणारा माणूस. आमचे साहेब जैनुद्दीन, मूळचे हैदराबादचे. ते चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत एकदा माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "अश्वजित, अराद में दो दुकान हैं. छोटा काम है. तुम ही देख लो." याचा अर्थ त्यांना वेळ नव्हता, असा होता. मी त्याचा अर्थ त्यांना माझ्यातला कलावंत दिसला, असा घेतला.

घरी आल्यावर हे मी श्रद्धाला सांगितलं. श्रद्धाने त्याच आठवड्यात आमच्या बौद्ध मंडळाच्या बैठकीत दोघीतिघींना सांगितलं. त्यामुळे पुढच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या लहू गमरेंनी, "आपल्यातलेच एक आर्किटेक्ट अश्वजितराव आता चार शब्द बोलतील," अशी माझी ओळख करून दिली. मी ड्राफ्ट्समन आहे, ही दुरुस्ती मी तिथल्या तिथे करायला हवी होती. परंतु टाळ्या वाजत होत्या, आणि टाळ्यांत माणसाचं बोलणं ऐकू जात नाही.

दोनपैकी एक गाळा वलीभाई घेणार होते. वलीभाई म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शेजारी, श्रीवर्धनचे. मनामाच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि शाळांचे युनिफॉर्म ही त्यांची मुख्य मिळकत. ती बाजारातली इमारत पाडायची ठरली होती म्हणून ते नवी जागा शोधत होते. अहमद त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तेव्हा मालक ओळखीचा, भाडेकरू शेजारी आणि नकाशा काढणारा मी. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं.

मी तीन आठवडे खपून दर्शनी भाग काढला. पांढरी, गुळगुळीत भिंत. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची एकच आडवी पट्टी. वर पत्त्याच्या पानासारखा पातळ छज्जा. दुसरं काही नाही. काही नसणं हाच त्यातला विचार होता. वलीभाईंनी चित्र हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं आणि म्हणाले, "छान आहे. दुकान कुठं आहे?" त्यांच्या बायकोने, महमुदाभाभींनी, काच कोण पुसणार एवढंच विचारलं. त्यांची मुलगी लाईबा तेव्हा दुसरीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती म्हणाली, "अंकल, इट लुक्स लाइक अ फ्रिज." मुलांना सौंदर्यदृष्टी शाळेत शिकवायला हवी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

साहेबांनी सही केली आणि नकाशा बलदियाकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे गेला. मजबुती, नाल्या, विजेचं मीटर, या सगळ्या टेबलांवरून तो विनातक्रार सरकला. मग कळलं, की किल्ल्याच्या आसपासच्या बांधकामांचा दर्शनी भाग एका समितीपुढे ठेवावा लागतो.

समितीत तिघेजण होते. अध्यक्ष इंजिनियर होते. स्वच्छ पांढरा, पायघोळ अरबी ठोब, सोन्याच्या काडीचा चष्मा आणि अत्यंत मृदू आवाज. दुसरा सदस्य तरुण, परदेशात वास्तुशास्त्र शिकून नुकताच परतलेला. तिसरे एक म्हातारे गृहस्थ. ते कशाचे तज्ज्ञ होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उमेदीच्या काळात व्यापारासाठी मुंबईला राहिल्यामुळे ते हिंदी मात्र आमच्या साहेबांपेक्षा सफाईने बोलत.

छोट्या कपातली कॉफी झाली. अध्यक्षांनी माझं चित्र बराच वेळ पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाले, "फार स्वच्छ आहे. पण यात बहरीन कुठे आहे?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. दोन गाळ्यांत एक देश दाखवायचा असेल तर जागा कमी पडणारच. मी काही बोलणार तेवढ्यात अहमद उत्साहाने म्हणाला, "मफी मुश्किल! काही अडचण नाही, कमानी टाकू." अहमदला माझ्या कलेशी शत्रुत्व नव्हतं. त्याला लवकर घरी जायचं होतं.

मी परत आलो आणि कमानी टाकल्या. रागाने टाकल्या. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली माझी काचेची पट्टी ब्लेडने हळूहळू खरवडून काढली, आणि तिच्या जागी पाच कमानी ओढल्या. या कामात कागद पातळ होतो. माणूसही होतो, पण त्याची कोणी दखल घेत नाही.

दुसऱ्या बैठकीत तरुण सदस्याने चित्र पाहताच कपाळाला हात लावला. "काँक्रीटला कमानीची गरजच काय? हे नाटक आहे," असं तो म्हणाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. तेच मी म्हणत होतो, किंवा म्हणालो असतो. अध्यक्ष त्याला मृदू आवाजात अरबीत काही बोलले. तो त्याहून कमी मृदू आवाजात काही बोलला. दोघे बराच वेळ बोलले. म्हातारबुवा खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी अध्यक्षांनी आमच्याकडे वळून हसत हसत तोडगा सांगितला: पाच नको, शून्य नको, एक कमान करा.

एक कमान. गाळे दोन. कमान कुठल्याही एका गाळ्याला दिली तर दुसरा पोरका दिसणार, म्हणून ती मधोमध आली. मधोमध दोन गाळ्यांमधली भिंत होती. अशा रीतीने दोन दारांना कमान नाही, आणि जिथे कमान आहे तिथे दार नाही, असा दर्शनी भाग तयार झाला. यावर तरुण सदस्याला सांगता आलं की कमानी कमी केल्या, आणि अध्यक्षांना सांगता आलं की कमान आहे. लोक समित्यांना नावं ठेवतात, पण दोन शहाण्या माणसांना एकाच वेळी समाधानी करणारी दुसरी यंत्रणा माझ्या तरी पाहण्यात नाही.

या सुमारास मनामातल्या इमारतीला पाडणारे लोक आले. वलीभाईंना दुकान रिकामं करावं लागलं. नवं दुकान अजून कागदावर होतं, आणि त्या कागदावरही ते स्थिर नव्हतं.

"अश्वजित, मना एक सांग," वलीभाई दारात उभे राहून म्हणाले. त्यांच्यामागे जिन्यात शिलाई मशीन दिसत होतं. "तुझ्या हॉलमध्ये किती जागा आहे?"

काही मशीनं त्यांच्या फ्लॅटमध्ये आणि दोन आमच्याकडे राहिली. श्रद्धाचं जेवणाचं टेबल कापड कापायला गेलं. आम्ही जमिनीवर जेवू लागलो, आणि ताटात दोरे सापडू लागले. वलीभाईंचा मेव्हणा शाहिद सकाळी आमची बेल वाजवून हॉलमध्ये बसायचा तो संध्याकाळपर्यंत. तो अतिशय सभ्य माणूस. मी घरात आलो की उठून उभा राहायचा. स्वतःच्या घरात रोज कोणीतरी आपल्यासाठी उभं राहतं, ही गोष्ट आरंभी बरी वाटते. एका शुक्रवारी मी अंघोळीला निघालो तर बाथरूमची कडी आतून लागलेली. आत एक अनोळखी केरळी गृहस्थ शाळेच्या शिपायाची पँट घालून बघत होते.

"कमरेत जरा घट्ट आहे," बाहेर येऊन ते मला हिंदीत म्हणाले.

"कळवतो," मी म्हणालो.

श्रद्धा चिडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "तुमची ती पांढरी भिंत आधीच कमानीची काढली असती, तर आज मी टेबलावर जेवले असते." यावर मी तिला वास्तुकलेतला साधेपणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शाहिदने आदराने मशीन थांबवलं होतं, त्यामुळे ते सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

सल्ल्यांची कमतरता नव्हतीच. लहू गमरे म्हणाले, कमानीवर एक चक्र कोरा. महमुदाभाभी म्हणाल्या, समितीतल्या तिघांना एकेक शर्ट शिवून द्या. वलीभाई म्हणाले, ते ठोब घालतात. जैनुद्दीनसाहेब म्हणाले, "अब छोड़ो भी. जो बोलते हैं, कर दो." हा सल्ला सर्वांत व्यवहारी होता आणि सर्वांत लागलाही. तीस वर्षं इमारती काढणारा माणूस असं म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे किती खरवडलेले कागद असतील, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त माझाच दिसत होता.

तिसऱ्या बैठकीत म्हातारबुवा पहिल्यांदा बोलले. त्यांनी कमानीखालच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इधर क्या है?"

"काही नाही," मी म्हणालो. "भिंत आहे."

"दर्जी की दुकान है ना? बीवी अंदर नाप देती है, तब मियाँ किधर बैठता है?"

मी म्हटलं, गाडीत बसतो.

"अगस्त में?"

ते पुढे म्हणाले, की पूर्वी इथल्या मुहर्रक शहरात घरांना भिंतीला लागून ओटा असायचा. येणारा-जाणारा टेकायचा. तसा करा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि हा वर काढलाय तो छज्जा नाही, ही पापणी आहे. याने कोणाच्या डोक्यावर सावली पडणार? हातभर पुढे घ्या. त्यांनी आपला हात पुढे करून दाखवला, आणि मग विचार करून दुसऱ्या हाताचं कोपरापर्यंतचं माप त्यात मिळवलं.

त्या छज्ज्याचं पातळपण ही माझी शेवटची मालमत्ता होती. काच गेली होती, भिंत फुटली होती, कमान येऊन बसली होती. पण छज्जा पातळ होता. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब कॉफी पीत होते. मी अहमदकडे पाहिलं. अहमद म्हातारबुवांना म्हणत होता, "इंशाल्ला, इंशाल्ला." मी तरुण सदस्याकडे अखेरची आशा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "सावलीला माझी हरकत नाही."

त्या रात्री मी ओटा काढला. ओटा! मी कोकणातला माणूस. ओट्यावरच वाढलेलो. ते सोडून देश ओलांडून आलो, नकाशे काढायचं रॉट्रिंगचं पेन घेतलं, आणि तिथे एका समितीने मला ओटा काढायला लावला. छज्जा जाड केला. आतापर्यंत कागद एका ठिकाणी, कमानीच्या बरोबर वर, इतक्यांदा खरवडला गेला होता की शेवटच्या फटक्याला तिथे भोक पडलं. नवा कागद घेऊन सगळं पुन्हा काढायला उमेद नव्हती. मागून पिवळट चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि कागदातून उजेड सोडून अमोनियाच्या प्रिंटा काढल्या. चिकटपट्टीतून उजेड नीट जात नाही, म्हणून प्रत्येक प्रिंटवर त्या जागी एक काळसर गोल डाग उमटला. मला तो दिसला. मी म्हटलं, डागच आहे.

चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही गोल खिडकी," ते म्हणाले, "ही मला फार आवडली. आता तुम्हाला समजलं."

मी तोंड उघडलं. टेबलाखालून जैनुद्दीनसाहेबांचा बूट माझ्या बुटावर आला आणि तिथेच राहिला. शिक्का बसला.

शिक्का बसलेल्या नकाशात जे आहे ते बांधावंच लागतं. गोल खिडकी बांधली. आतून ती खोट्या छताच्या वर येते, त्यामुळे तिच्यातून दुकानात उजेड येत नाही आणि दुकानातून ती दिसत नाही. काम संपल्यावर तपासणीला आलेल्या निरीक्षकाने बाकी काही पाहिलं नाही. तो रस्त्यापलीकडे उभा राहून खिडकी बरोबर गोल आहे का एवढं बघून गेला.

ऑगस्टच्या अखेरीस वलीभाईंची मशीनं आमच्या हॉलमधून निघाली. शाळा उघडायला थोडे दिवस होते, आणि ते थोडे दिवस नसते तर वलीभाईंचं त्या वर्षाचं सगळंच गेलं असतं. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत. महमुदाभाभींनी श्रद्धाला सांगितलं, की मे महिन्यापासून ते झोपेत मापं पुटपुटत होते. निघताना शाहिदने माझा हात दोन्ही हातांत धरला. जेवणाचं टेबल जागेवर आलं. त्यावर खडूच्या रेघा होत्या, त्या गेल्या नाहीत.

दर्शनी भाग पाहायला मी मुद्दाम गेलो नाही. चुकून एकदोनदा त्या रस्त्याने गाडी गेली तेव्हा समोर पाहत राहिलो. समितीमुळे इमारतीचा दर्जा वाढतो का घटतो, यावर मी तेव्हा बराच विचार केला. मला असं दिसलं, की समिती वाईट इमारतीला बरी करते, आणि चांगल्या इमारतीलाही बरीच करते. माझी मुळातली कुठल्या प्रकारची होती याबद्दल मला शंका नव्हती. ती नंतर आली.

नोव्हेंबरात साहेबांना ऑफिसच्या अल्बमसाठी फोटो हवा झाला. "पहला काम है तुम्हारा," ते म्हणाले. "लगाएँगे." मी कॅमेरा घेऊन एका शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास अरादला गेलो. इमारतीचे फोटो माणसांशिवाय काढायचे असतात. परदेशी मासिकांत तसेच असतात. पण तिथे माणसं होती. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच होती. अहमदचे वडील काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी मीना सलमान बंदराच्या गोदामात काम करणारे दोघं, कंपनीच्या बसची वाट बघत. एकजण मासळीची पिशवी मांडीवर घेऊन होता. तीन नवरे होते. ते नवरे आहेत हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. वलीभाईंच्या दुकानातून मशीनचा आवाज येत होता.

मी रस्त्यापलीकडे थांबलो. ते उठतील म्हणून वाट पाहिली. एक नवरा उठला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस आला. शेवटी मी जवळ गेलो आणि हिंदीत म्हटलं, "जरा दोन मिनिटं बाजूला होता का? फोटो काढायचाय."

मासळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं, सरकला आणि ओट्यावर हात थोपटला. "पहले बैठो."

मी बसलो. दगड थंड होता. छज्ज्याची सावली पाय लांब केले तरी बोटांच्या पुढे पडत होती, आणि समुद्राकडून थोडा वारा भिंतीला घासून येत होता. मी छज्ज्याकडे वर पाहिलं. तो जाडजूड होता, बेढब होता. पातळ असता तर आत्ता ऊन माझ्या गुडघ्यांवर असतं. हे गणित मी पूर्वी का केलं नाही, असा प्रश्न मनात आला. मी तो पुढे सरकवला, पण तो गेला नाही. तिथेच माझ्याशेजारी बसला.

गोदामातला एकजण मान वळवून कमानीकडे पाहत होता. "ये कमान किसलिए है?" त्याने विचारलं. "नीचे तो दरवाजा नहीं है."

आता सगळं सांगावं लागणार, असं वाटलं. पण मासळीवाल्याकडे उत्तर तयार होतं.

"पुराना है ना," तो म्हणाला. "किले के टाइम का. पहले दरवाजा था, बाद में बंद कर दिया. ऊपर देखो, गोल. उसमें रात को दिया रखते थे, जहाज को दिखने के लिए. बलदिया ने तोड़ने नहीं दिया. उसके बाजू में दुकान बनाया."

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. सांगितल्यावर ते तसं दिसत होतं. नवऱ्यांपैकी एकजण आदराने म्हणाला, "पुराने लोगों का काम ही अलग था."

अहमदच्या वडिलांना हिंदी येत नव्हती. ते माझ्याकडे पाहून हसले, किंवा उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले असतील.

"आप तो इधर बहुत साल से लगते हो," मासळीवाला मला म्हणाला. "सही बोला ना मैं?"

दुकानाच्या दारात वलीभाई येऊन उभे राहिले होते, गळ्यात टेप, कानामागे खडू. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय बोलतो ते ऐकायला.

"बिलकुल सही," मी म्हणालो. "मैं आया तब से ऐसा ही है."

वलीभाई आत गेले. थोड्या वेळाने आतून चहा आला, सगळ्यांना.